पाटे बसले!

बालमित्रांनो, गेल्या आठवड्यात वर्गात मी फळ्यावर एक चित्र काढलं. लांब पट्टीखाली तिच्याहून आखूड पट्टी, तिच्याखाली आणखी आखूड, आणि सगळ्या धनुष्यासारख्या वाकलेल्या. विचारलं, "हे काय आहे, सांगा पाहू?" कुणी म्हणालं होडी, कुणी म्हणालं केळ्यांचा घड! मी म्हटलं, "ही स्प्रिंग आहे." तर सगळा वर्ग हसला. एक जण उठून म्हणाला, "बाई, स्प्रिंग गोल गोल असते. पेनात असते तशी!"

त्याचं चुकलं नव्हतं बरं का. पण स्प्रिंगला ही एक चपटी बहीणही आहे. मेकॅनिक लोक तिला 'पाटा' म्हणतात. ट्रक आणि टेम्पोच्या मागच्या चाकांजवळ ती आजही दिसते. आणि मुंबईची ती जुनी काळी-पिवळी टॅक्सी आठवते ना? प्रीमियर पद्मिनी! तुम्ही लहान असाल तर आईबाबांना विचारा. तिच्या पुढच्या चाकांना गोल स्प्रिंगा होत्या आणि मागच्या चाकांना हे पाटे. माझे वडील हिंदमाताजवळ राहून तीच टॅक्सी चालवायचे. म्हणून या पाट्यांची गोष्ट मला घरातूनच ठाऊक आहे.

आधी एक प्रयोग करू. दोन जाड पुस्तकं थोड्या अंतरावर ठेवा. त्यांच्यावर पुलासारखी प्लॅस्टिकची फूटपट्टी ठेवा आणि मध्यावर कंपासपेटी ठेवा. पट्टी खाली वाकली? आता तशाच तीन पट्ट्या एकावर एक रचून पाहा. कितीतरी कमी वाकल्या! आता कंपासपेटी उचला. पट्ट्या पुन्हा सरळ. वाकायचं आणि पुन्हा मूळ जागी यायचं, यालाच लवचीकपणा म्हणतात. रॉबर्ट हूक नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने 1678 साली यामागचा नियम छापून सांगितला. वजन दुप्पट केलं की स्प्रिंग दुप्पट वाकते. पण एका मर्यादेपर्यंतच हं! त्या मर्यादेपलीकडे ताणलं की स्प्रिंग मूळ जागी येतच नाही. केसांचं जुनं रबर कसं सैल होऊन पडतं, तसंच.

मग सगळे पाटे सारख्या लांबीचे का नसतात? कारण सगळ्यांत जास्त ताण मध्यभागी पडतो, टोकांना कमी. म्हणून मध्ये थरांवर थर, आणि टोकाला फक्त एक लांब 'मेन पाटा'.

आता 2001 च्या पावसाळ्याकडे चला. मी तेव्हा सातवीत होते.

हिंदमाताचा भाग बशीसारखा खोलगट. जोराचा पाऊस झाला की चहूबाजूंचं पाणी तिथे येऊन बसायचं. गाड्यांची चाकं त्यात बुडायची. पाटे एकमेकांवर सरकावेत म्हणून मध्ये ग्रीस लावलेलं असतं. ते पाण्याने धुपायचं आणि पाट्यांना गंज चढायचा. गंजाने लोखंडाला बारीक खड्डे पडतात आणि तिथूनच चीर जायला सुरुवात होते. त्यातून रोजचे प्रवासी आणि टपावरचं सामान. आमच्या टॅक्सीचा मागचा भाग दमलेल्या बैलासारखा खाली बसला होता. मिस्त्रीकाकांनी दोन महिने आधीच सांगितलं होतं, "पाटे बसले, बदलून टाका." बाबा म्हणायचे, "बघू पुढच्या महिन्यात."

जुलैतली एक दुपार. बाबांना केईएम हॉस्पिटलजवळ भाडं मिळालं. एक आजी, पोटाचं ऑपरेशन होऊन नुकत्याच घरी निघालेल्या, आणि सोबत त्यांचा मुलगा. जायचं होतं दादर स्टेशनला. हिंदमाताजवळ पाणी ओसरत आलं होतं, पण एका डबक्याखाली खड्डा लपला होता. मागचं चाक त्यात गेलं आणि धप्पकन आवाज झाला. पाट्यांमध्ये वाकायला जागाच उरली नव्हती. सगळा हिसका थेट सीटवर गेला. आजी कळवळून ओरडल्या. मग स्वतःच म्हणाल्या, "राहू दे रे बाबा, जरा हळू घे."

बाबांनी भाडं घेतलं नाही. रात्री जेवतानाही ते गप्प होते. मग उठून त्यांनी फळीवरचा पत्र्याचा डबा काढला. त्यात माझ्या सायकलीचे पैसे होते! म्हणाले, "सायकल दिवाळीला घेऊ. आधी पाटे."

मी रुसले. खोटं कशाला सांगू? रविवारी बाबांनी मला सोबत गॅरेजमध्ये नेलं. म्हणाले, "तुझे पैसे कशात गेले, ते तरी बघ."

बाबांनी काटकसर म्हणून विचारलं, "उजव्या बाजूचेच जास्त बसलेत. तेवढेच बदलले तर?" मिस्त्रीकाका म्हणाले, "तराजूचं एक पारडं बदलून चालेल का? गाडी एका अंगाला कलेल. बदलायचे तर दोन्ही बाजूंचे."

मग काम सुरू झालं. गाडी सपाट जागी लावली. पुढच्या चाकांना दगडांची ओट लावली. मागच्या चाकांचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल केले, कारण चाक हवेत गेलं की ते पान्याबरोबर गरगर फिरतं. मग जॅकने गाडी उचलली आणि बॉडीखाली दोन्ही बाजूंना लोखंडी स्टँड दिले. मी विचारलं, "जॅक आहे ना, मग स्टँड कशाला?" काका एकदम गंभीर झाले. "पोरी, जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नाही. तो सरकला तर खालचा माणूस गेला. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली मी कधी हातसुद्धा घालत नाही."

नंतर त्यांनी दोन चाकांना जोडणारा आडवा अ‍ॅक्सल जॅकने तोलून धरला. पाटे आणि अ‍ॅक्सल यांना बांधून ठेवणारे यू आकाराचे बोल्ट सोडवले. गंजलेले नट हटता हटत नव्हते. मेन पाट्याचं पुढचं टोक बॉडीला एका बोल्टने घट्ट जोडलेलं असतं. मागचं टोक मात्र 'शॅकल' नावाच्या हलत्या कडीला. असं का? एक वाकलेली पुठ्ठ्याची पट्टी टेबलावर ठेवून वरून दाबा. टोकं बाहेर सरकली ना? पाटाही दबला की लांब होतो. त्याला सरकायला जागा हवी, म्हणून ती झोपाळ्यासारखी हलणारी कडी.

नवे पाटे बसवताना काकांनी मधल्या बोल्टचं डोकं अ‍ॅक्सलवरच्या भोकात नीट बसलंय ना, हे तीनदा पाहिलं. ते चुकलं तर अ‍ॅक्सल तिरका राहतो आणि गाडी खेकड्यासारखी चालते! टोकांच्या बोल्टांना रबरी बुश होते. ते बोल्ट त्यांनी आधी सैलच ठेवले, गाडी खाली उतरवली आणि तिचं वजन चाकांवर आल्यावर घट्ट केले. हवेतच आवळले असते, तर रबर कायमचं पिळलेलं राहून लवकर फाटलं असतं. वर म्हणाले, "चार दिवस चालवा आणि यू बोल्ट पुन्हा आवळून घ्या. नवं काम बसायला वेळ लागतो."

संध्याकाळी आई आणि मी मागच्या सीटवर बसलो. बाबांनी गाडी मुद्दाम त्याच खड्ड्यावरून नेली. नुसता हलका झोका! बाबांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. माझा रुसवा तिथेच संपला. सायकल काही दिवाळीला आली नाही. पुढच्या जूनमध्ये आली, तीही सेकंडहँड.

मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑगस्ट 2003 रोजी नोंदवली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्यामुळे ऑक्टोबर 2023 मध्ये तीही रस्त्यावरून गेली. आमची तर त्याच्या कितीतरी आधीच गेली. पण तिचा एक तुकडा अजून घरी आहे. बाबांनी एक जुना पाटा भंगारात न देता गावी नेला. लोहाराने तो तापवून, ठोकून त्याचा कोयता केला. पाट्याचं पोलाद मुळातच चिवट, त्यामुळे त्याला धारही छान लागते. आई आजही त्यानेच नारळ सोलते. ज्या लोखंडाने माणसांचं ओझं वाहिलं, ते आता आमच्या आमटीला खोबरं देतं!

आता तुमचं काम. रस्त्याकडेला उभा असलेला टेम्पो फुटपाथवरूनच पाहा आणि मागच्या चाकाजवळचे पाटे मोजा. खाली वाकून गाडीखाली शिरायचं नाही हं! मग रिकाम्या आणि भरलेल्या टेम्पोच्या पाट्यांमध्ये काय फरक दिसला, ते वहीत चित्र काढून ठेवा.

आणि पालकहो, तुमच्या घरात 'बघू पुढच्या महिन्यात' म्हणून राहून गेलेली एखादी दुरुस्ती आहे का? या रविवारी तिला हात घाला, आणि मुलांना पाना धरायला सोबत घ्या.