एकाकीपण की थकवा?

अमेरिकन छायाचित्रकार वॉकर इव्हान्स यांनी १९३८ ते १९४१ या काळात कोटाआड कॅमेरा दडवून न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेतील उतारूंची कृष्णधवल छायाचित्रे टिपली. १९६६ साली ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. त्या चेहऱ्यांत महानगरीय मानवाचे सनातन एकाकीपण पाहणाऱ्या रसिकांना आमचा सवाल आहे : सनातन कसे? मंदीने पोळलेल्या त्या शहरात दिवसभर मालकापुढे, गिऱ्हाइकापुढे चेहरा सांभाळणाऱ्याला तो सैल सोडण्याची मुभा डब्यातल्या बाकावरच मिळे. ती घटकाभराची विश्रांती त्याला न विचारता टिपली गेली, आणि वर तिलाच एकाकीपण हे गोंडस नाव! थकव्यामागे कामाचे तास आणि मजुरीचा दर असतो. त्या थकव्याला मनुष्याची नियती ठरविले, की जाब कोणालाच द्यावा लागत नाही.