झाडू वारशात मिळतो, मग पेन्शन कुठे हरवते?



आमच्या वस्तीत सफाई कामगाराचा मृत्यू झाला की जलदानविधी उरकायच्या आत घरात एकच प्रश्न सुरू होतो. नोकरीवर कोण लागणार? काका येतात, मामा येतात, युनियनचा माणूस येतो. थोरला म्हणतो मी, सून म्हणते माझा नवरा. या सगळ्या गदारोळात एक प्रश्न कोणीच विचारत नाही. मागे राहिलेल्या लहान मुलांच्या पेन्शनचे काय?

आम्ही पाहिलेले एक घर सांगतो. बाई एका महापालिकेत कायम सफाई कामगार, २००५ च्या आधी लागलेली. नवरा आधीच वारला होता. कामावर असतानाच ती गेली. मागे तीन लेकरे. मोठी मुलगी १९ वर्षांची, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. मुलगा १४ चा. धाकटी ११ वर्षांची, जन्मापासून ऐकू न येणारी. नातेवाइकांनी ठरवले, मोठीने आईच्या जागी लागायचे. तिने कॉलेज सोडले आणि हातात झाडू घेतला. दीड वर्षानंतर आम्ही सहज विचारले, "पेन्शनचा अर्ज केला का?" ती म्हणाली, "पेन्शन आईची होती ना दादा? आई गेली, संपली."

नाही. संपली नव्हती. आईच्या मृत्यूच्या दुसऱ्या दिवसापासून ती या लेकरांची झाली होती. कार्यालयातल्या एकाही माणसाने दीड वर्षात हे त्या मुलीला सांगितले नाही. उलट "नोकरी दिली ना, आता आणखी काय पाहिजे?" असे ऐकवले.

आमचा मुद्दा इथेच आहे. वारसाची नोकरी आणि कुटुंब निवृत्तिवेतन हे दोन वेगळे हक्क आहेत. एक मिळाला म्हणून दुसरा बुडत नाही. मोठी मुलगी कमावती झाली तर तिचा स्वतःचा पेन्शनचा हक्क थांबतो, पण तो पुढच्या भावंडाकडे जातो. कुटुंब निवृत्तिवेतनाचा सर्वसाधारण दर शेवटच्या मूळ पगाराच्या ३० टक्के असतो, त्यावर महागाई भत्ता. या पैशात एका पोराचे शिक्षण होते.

केंद्राच्या नियमांत तर हे स्पष्ट आहे. पती किंवा पत्नी नसेल, तर मुलांना वयाच्या क्रमाने, २५ वर्षे पूर्ण होईपर्यंत, किंवा लग्न होईपर्यंत, किंवा कमावते होईपर्यंत पेन्शन मिळते. अपंगत्वामुळे जे मूल स्वतःचे पोट भरू शकत नाही, त्याला ती आयुष्यभर मिळते. विधवा आणि घटस्फोटित मुलींना २००४ मध्ये, अविवाहित मुलींना २००७ मध्ये २५ वर्षांनंतरही ही दारे उघडली, अर्थात उत्पन्नाच्या अटीवर. जानेवारी २०२४ पासून, नवऱ्याविरुद्ध घटस्फोटाचा किंवा कौटुंबिक हिंसाचाराचा खटला चालू असलेली महिला कर्मचारी नवऱ्याच्या आधी मुलांना पेन्शन मिळावी असे लिहून देऊ शकते. राज्याचे आणि महापालिकांचे नियम तपशिलात वेगळे आहेत, वयाची अटही वेगळी असू शकते. म्हणून आपल्या आस्थापनेचा नियम लेखी मागून घ्यायचा. कारकुनाच्या तोंडी उत्तरावर परत फिरायचे नाही.

काही जण म्हणतील, सरकारच्या तिजोरीवर हा केवढा बोजा! त्यांना सांगा, पेन्शन ही मेहेरबानी नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने देवकीनंदन प्रसाद खटल्यात १९७१ मध्ये आणि नाकरा खटल्यात पुन्हा सांगितले आहे. ज्या बाईने तीस वर्षे शहराची घाण उपसली, तिच्या कष्टाचा तो राहिलेला मोबदला आहे. आणि कुटुंब निवृत्तिवेतन मृत्युपत्राने कोणाच्या नावे करता येत नाही, हेही न्यायालयाने १९९१ मध्ये एका रेल्वे कर्मचाऱ्याच्या विधवेच्या प्रकरणात स्पष्ट केले. ते वारसांत वाटायच्या मालमत्तेत येत नाही. नियमात ज्याचे नाव बसते त्याचेच ते. म्हणजे "मला नॉमिनी केलंय" म्हणणारा काका पोरांची पेन्शन घेऊ शकत नाही.

आता जरा कडू बोलू. लाड-पागे समितीच्या शिफारशींमुळे सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी मिळते. ती लढून मिळाली आहे, तिला आमचा विरोध नाही. भुकेल्या घराला नोकरी नको म्हणायला आम्ही कोण? पण डोळे उघडून बघा, बहुतेक घरांत वारशाने काय येते? झाडूच येतो. बापाचा झाडू पोराच्या हातात, आईचा झाडू लेकीच्या हातात. जातीने जे काम पिढ्यान्‌पिढ्या लादले, तेच आता नेमणुकीच्या पत्रावर शिक्का मारून मिळते आणि आपण पेढे वाटतो. पेन्शन मात्र मुलाला कोणत्याही कामाला बांधत नाही. ती फक्त म्हणते, शिक. म्हणूनच आम्हाला वाटते की दोन्हींमध्ये पेन्शनचा हक्क अधिक आंबेडकरी आहे. आणि नेमका तोच आपण सोडून देतो.

बाबासाहेबांचेच घर आठवा. सुभेदार रामजी सैन्यातून निवृत्त झाले, त्यांना पेन्शन होती, साताऱ्याला नोकरीही केली. त्या तुटपुंज्या पैशातून भिवाची पुस्तके आली. पुढे त्याच बाबासाहेबांनी मुंबई महापालिकेच्या कामगारांची संघटना बांधली, आणि १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री म्हणून कामगारांच्या सुरक्षिततेचे कायदे पुढे नेले. घरात येणारा नियमित पैसा पोराच्या शाळेसाठी काय असतो, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते.

हे सगळे कायम कामगारांचे झाले. त्याच रस्त्यावर, त्याच वेळेला, कंत्राटदाराच्या हाताखाली झाडणाऱ्याचे काय? तो मेला तर त्याची मुले १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेत येतात, तीही कंत्राटदाराने पीएफ भरला असेल तर. तिथे मुलाला विधवेच्या पेन्शनच्या २५ टक्के, एका वेळी दोन मुलांना, वयाच्या २५ पर्यंत. किमान रक्कम महिना २५० रुपये. आई-बाप दोघेही नसतील तर किमान ७५० रुपये. हे किमान आकडे २०१४ चे आहेत. २५० रुपयांत वह्या तरी येतात का? रस्ता एक, कचरा एक, मरणही एकच. तरी एका पोराला पगाराच्या हिशेबात पेन्शन आणि दुसऱ्याला २५० रुपये. ठेकेदारी म्हणजे काय, हे याहून सोप्या शब्दांत सांगता येत नाही. मुंबईतल्या २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम होण्यासाठी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले, ते याचसाठी. कंत्राटदाराने पीएफ बुडवला तरी मूळ मालक, म्हणजे महापालिका, जबाबदार असते, हेही विसरू नका.

मग कार्यकर्त्यांनी काय करायचे? १४ एप्रिलला डीजे लावणाऱ्या प्रत्येक मंडळाने एक रजिस्टर करावे. वस्तीत किती कामगार, कोण कायम, कोण कंत्राटी. कामगार जिवंत असतानाच सेवापुस्तकात सगळ्या मुलांची नावे, जन्मतारखा बरोबर आहेत का ते पाहावे. शाळेत एक नाव, आधारवर दुसरे, सेवापुस्तकात तिसरे, यातच निम्मी प्रकरणे अडकतात. अपंग मुलाचे प्रमाणपत्र आजच काढून कार्यालयात लेखी कळवावे. दुसऱ्या लग्नाची मुले असतील तर लपवू नये. २००० मध्ये रामेश्वरी देवी खटल्यात न्यायालयाने अशा अल्पवयीन मुलांचाही वाटा मान्य केला आहे. मृत्यू झाला तर नोकरीच्या अर्जासोबत त्याच दिवशी पेन्शनचा अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. उत्तर नाही आले तर माहिती अधिकार आहेच.

त्या घराचे पुढे काय झाले? अर्ज केला, चार वेळा परत आला, पाचव्यांदा मंजूर झाला. मागची थकबाकी मिळाली. मुलगा शाळेत आहे, धाकटी कर्णबधिरांच्या शाळेत जाते. मोठी अजून झाडूच मारते. पण तिने मुक्त विद्यापीठात पुन्हा नाव घातले आहे. ते दीड वर्ष तिला कोणी परत देणार नाही. पुढच्या घरात ते जाऊ द्यायचे की नाही, हे आपल्या हातात आहे.

जय भीम!