नोटरी म्हणजे रजिस्ट्री नव्हे

आमच्या शिवारातल्या एकानं 9 वर्षांमागं 5 गुंठे घेतले. तुकडेबंदीमुळं दस्त होईना, म्हणून स्टॅम्पवर खरेदी लिहून नोटरी केली. देणारा वारला. आता पोरं म्हणतात, सातबारा आमच्या बापाचा. तलाठीही फेरफार धरेना.

तलाठ्याचं बरोबरच आहे. 1908 चा नोंदणी कायदा आहे. 100 रुपये किंवा वरच्या किमतीची जमीन विकायची तर दस्त दुय्यम निबंधकाकडंच व्हायला लागतो. नोटरीचा गोल शिक्का एवढंच सांगतो, की हा माणूस माझ्यापुढं आला, ओळख पटली, सही केली. प्रतिज्ञापत्राला ते ठीक. मालकी त्यानं बदलत नाही.

आपण अडाणी म्हणू, पण माझा राग शिक्का मारणाऱ्यावर जास्त आहे. नोटरी व्हायला 10 वर्षं वकिली लागते (बायकांना आणि मागासवर्गीयांना 7), मग सरकार नेमतं. एवढ्या मुरलेल्या माणसाला कागद फुसका आहे हे कळत नाही? गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायला काय जातं? फी जाते, दुसरं काय!

गावच्या पोरी आता वकील होतायत. 7 वर्षं भरली की अर्ज टाका गं, तालुक्याला खरं बोलणारी नोटरी पाहिजे.

तोवर प्रतिज्ञापत्राला जाल तेव्हा शिक्क्यावरचं नाव आणि हद्द वाचा, त्यांच्या रजिस्टरात सही केल्याशिवाय उठू नका. आणि गुंठे घ्यायचे असतील तर इसार देण्याआधी दुय्यम निबंधकाकडं जाऊन विचारा, दस्त होतोय का.