गुरूचे चार सोबती

सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपणाऱ्या घरांत गच्चीवरची रात्र लवकर सुरू होते. गुरू वर आलेला असेल, तर लहानशा दुर्बिणीतूनही त्याच्या बाजूंना एका रेषेत तेजस्वी ठिपके दिसतात. ७ जानेवारी १६१० रोजी पादुआ येथे गॅलिलिओने असे तीन पाहिले, दोन पूर्वेस व एक पश्चिमेस, आणि त्यांना स्थिर तारे मानले. दुसऱ्या रात्री तिन्ही पश्चिमेस होते. १० तारखेस दोनच दिसले, १३ तारखेस चार! पहिले मत त्याने सोडले. हे सोडणे पाहण्याहून कठीण. क्रेमोनिनी या विद्वान सहकाऱ्याने तर दुर्बिणीला डोळा लावण्याचेच नाकारले. आयो हा चंद्र सुमारे साडेबेचाळीस तासांत प्रदक्षिणा पुरी करतो. म्हणून मुलांनी सायंकाळी काढलेले चित्र निजण्यापूर्वी पुन्हा आकाशाशी ताडून पाहावे.