आधी घासा, मग चूळ भरा

रोजात दिवसभर पाणी नाही. लाळ कमी सुटते आणि दुपारनंतर तोंडाला वास येऊ लागतो. रोजेदाराच्या तोंडाचा वास अल्लाहला कस्तुरीहून प्रिय, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. पण बँकेच्या खिडकीपलीकडच्या माणसाने ते ऐकलेले नसते! म्हणून अनेकजण सहेरीनंतर घाईघाईत माउथवॉशची चूळ भरतात आणि ब्रशला सुटी देतात. चुकते ते इथे.

दातांवर जिभेला बुळबुळीत लागणारा थर म्हणजे जिवाणूंची दाट वस्ती. शास्त्रात त्याला बायोफिल्म म्हणतात. स्वतःच तयार केलेल्या चिकट आवरणात हे जिवाणू राहतात. औषध वरच्यांना मारते, खालचे बरेचसे शाबूत राहतात. हे आजचे ज्ञान नव्हे. हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावचा कापडव्यापारी लेवेनहूक याने १६८३ साली आपल्याच दातांवरचा पांढरा थर भिंगातून पाहिला आणि त्यात वळवळणारे जीव त्याला दिसले. व्हिनेगरने दात धुतले, तेव्हा थराच्या बाहेरचे जीव तेवढे मेले. आत व्हिनेगर पोहोचलेच नाही.

म्हणजे माउथवॉश निरुपयोगी? तसेही नाही. १९७० साली डेन्मार्कमध्ये लो आणि शिऑट यांनी दाखवले, की ०.२ टक्के क्लोरहेक्सिडिनने दिवसातून दोनदा चूळ भरल्यास ब्रश न करताही नवा थर धरत नाही. पण ते दात आधी स्वच्छ केलेले होते, ही मेख लोक विसरतात. बसलेला थर घासूनच निघतो, मग ब्रशने घासा की मिसवाकच्या चावून मऊ केलेल्या तंतूंनी.

क्लोरहेक्सिडिनचे आणखी एक. टूथपेस्टमधल्या फेसाच्या घटकांनी त्याचा जोर कमी होतो, म्हणून ब्रशनंतर अर्धा तास थांबावे लागते. सहेरीला एवढी उसंत कुणाला? तरावीहनंतर, झोपण्यापूर्वीची वेळ बरी. तीही डॉक्टर सांगतील तेवढेच दिवस. फार दिवस वापरले तर दातांवर तपकिरी डाग पडतात, चव बिघडते.

हिरड्यांतून रक्त येते म्हणून रोजा मोडेल या धास्तीने काहीजण ब्रश बंद करतात आणि नुसत्या चुळीवर महिना काढतात. थर वाढतो, हिरड्या अधिक सुजतात, रक्तही वाढते. अशांनी ईदची वाट पाहू नये. इफ्तारनंतरही दाताचे दवाखाने उघडे असतात.