गुडघ्याची चिन्हमीमांसा आणि गुडघा

मराठी म्हणींतील शरीराची चिन्हमीमांसा करणारे अभ्यासक डोक्यापासून पायापर्यंत एक उतरंड गृहीत धरतात आणि गुडघ्याला तीत खालची पायरी देऊन मोकळे होतात. ‘उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग’ आणि ‘अक्कल गुडघ्यात’ ही उदाहरणे हाताशी असतातच. मस्तकावरचे बाशिंग खाली आले, मस्तकातली अक्कल खाली गेली. पुढे एका बाजूने पुरुषसूक्त आणि दुसऱ्या बाजूने बाख्तिन साक्षीला उभा केला की निबंध सिद्ध होतो.

साक्षीदारांची उलटतपासणी मात्र होत नाही. पुरुषसूक्तातील वर्णविभागणीत मुख, बाहू, ऊरू आणि पाय येतात. गुडघा येत नाही. राबलेवरील ग्रंथात (१९६५) बाख्तिनने मांडलेला अधःस्तर पोटाचा, जननेंद्रियांचा आणि उत्सर्जनाचा आहे. गुडघा तेथेही उपराच ठरतो. सिद्धान्त आधी आणि अवयव मागून, असा हा व्यवहार आहे.

मुळात गुडघा ‘खाली’ असतो तो उभ्या माणसाचा, किंवा खुर्चीवर बसलेल्या समीक्षकाचा. ज्या समाजात या म्हणी घडल्या तो जमिनीवर बसणारा होता. उकिडव्या बसलेल्या माणसाचा गुडघा हनुवटीला भिडतो. डोक्याच्या शेजारी, डोक्याइतकाच गोल असा दुसरा अवयव तेथे नसतो. बाशिंग घोट्याला न बांधता गुडघ्याला बांधले जाते ते म्हणूनच. हा विनोद अधःपाताचा नाही, शेजाऱ्याच्या घरात चुकून शिरण्याचा आहे. ‘गुडघे पोटाकडेच वळतात’ ही म्हणही स्वार्थावरचे भाष्य होण्यापूर्वी अपुऱ्या घोंगडीखाली अंग मुडपून झोपणाऱ्याचा अनुभव आहे. कोशात अर्थ मिळतो, बैठक मिळत नाही.

भाषेनेच केलेला एक भेद या मंडळींच्या नजरेतून निसटतो. ‘आजानुबाहू’ या विशेषणातील जानू उभ्या, ताठ पुरुषाचा आहे. त्याच्यापर्यंत हात पोचणे हे थोरवीचे लक्षण. गुडघा हा शब्द येतो तो भातलावणीच्या गुडघाभर चिखलात, किंवा विळीची पाट दाबून भाजी चिरणाऱ्या बाईच्या मुडपलेल्या पायात. अवयव एकच, एक शब्द स्तुतीसाठी राखून ठेवलेला, दुसरा कामाला जुंपलेला. उतरंड शोधायचीच असेल तर ती डोके आणि गुडघा यांच्यात नसून जानू आणि गुडघा यांच्यात आहे.

याचा अर्थ देशीपणाचे गोडवे गाणाऱ्यांची बाजू खरी ठरते असे नाही. त्यांनी जात्यावरच्या ओवीला मातृत्वाची, मायबोलीची, मातीची अशी सारी वस्त्रे नेसवली. परंतु एक पाय पसरून, दुसरा गुडघ्यात दुमडून पहाटेच्या काळोखात दळणारी बाई त्यांच्या लेखी केवळ आवाज आहे. ओवीची लय छंदशास्त्राने मोजली जाते, आणि जात्याच्या प्रत्येक फेऱ्याबरोबर पुढेमागे होणारे ते शरीर टीपेतही येत नाही.