एकट्याचं राज्य

परवा सकाळी साडेसहाला भाच्याचा फोन आला. आमच्या राजूरसारख्या कोळसा खाणीच्या गावात वाढलेल्या माणसाला अवेळी फोन वाजला की आधी पोटात गोळा येतो. वडील पाळीवर असायचे तेव्हापासूनची सवय आहे ती, जाता जात नाही. फोन उचलला तर पलीकडून, "मामा, तुमचा देश गेला ना बाप्पा!"

तर मंडळी, माझा एक देश होता. नाव अर्थातच राजूर. लोकसंख्या एक. राजा मी, प्रधान मी, विटा भाजणारा मी आणि रात्री मशाली लावत फिरणारा चौकीदारही मीच. भाच्यानंच दोन वर्षांपूर्वी मला माइनक्राफ्टच्या एका सर्व्हरवर नेऊन बसवलं. तिथे खेळाडू जमिनी घेतात, गावं वसवतात, गावांचे देश करतात, तह करतात, लढाया करतात. भाचा एका चाळीस जणांच्या साम्राज्यात आहे. मला म्हणाला, "आमच्यात या ना." मी म्हटलं, नको. दिवसभर ऑफिसात साहेब आहेतच, रात्री आणखी एक बेल्जियमचा सोळा वर्षांचा साहेब कशाला?

मी वर्धा नदीच्या काठी जागा धरली आणि पहिलं काम काय केलं असेल, तर चुन्याची भट्टी बांधली. त्या खेळात चुना नसतो. तरी बांधली. राजूर म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर आधी भट्टीचा धूर येतो, त्याला इलाज नाही.

आता देश कसा गेला ते सांगतो. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, म्हणून चार दिवस नागपूरला होतो. असे बरेच सर्व्हर टाऊनी नावाच्या प्लगइनवर चालतात. त्यात जमीन सोळा बाय सोळाच्या चौकोनांनी मोजतात आणि गावाच्या तिजोरीतून रोज ठरावीक खर्च कापला जातो. माणसं जास्त असतील तर प्रत्येकाचा कर तिजोरीत पडतो आणि कोणाला कळतही नाही. माणूस एकच असेल तर तोच कमावणार, तोच भरणार. तिजोरीत होतं ते दोन दिवसांत संपलं. तिसऱ्या दिवशी गाव मोडीत निघालं आणि कुलपं उघडी पडली. चौथ्या दिवशी शेजारच्या साम्राज्याची पोरं येऊन पेट्या उचलून घेऊन गेली. भट्टीच्या विटासुद्धा नेल्या हो!

भाच्याला वाटलं मी चिडेन. मला आधी हसू आलं, आणि मग शाळेतला इतिहास आठवला. 11 डिसेंबर 1853 ला नागपूरचे तिसरे रघुजी भोसले वारले. मूल नव्हतं, दत्तकही घेतलेला नव्हता. डलहौसीनं 1854 मध्ये राज्य खालसा केलं आणि पुढे राजवाड्यातल्या जडजवाहिराचा कलकत्त्याला लिलाव झाला. त्याआधी 1848 मध्ये साताऱ्याचं तेच झालं. तिथे तर महाराजांनी मरताना दत्तक घेतला होता, तोही मानला नाही. म्हणजे सगळं राज्य एका माणसाच्या श्वासावर, आणि तो श्वास थांबला की नियमावली तयारच. आमच्या सर्व्हरवर मरावंही लागत नाही, नागपूरला जाऊन आलं तरी पुरतं.

आणि गंमत बघा. वर्धेच्या पलीकडचा चांदा भोसल्यांकडे होता, अलीकडचं आमचं वणी-राजूर वऱ्हाडात, म्हणजे निजामाकडे. निजामाचं काय झालं? इंग्रजांनी त्याच्या गळ्यात मारलेल्या फौजेचा खर्च थकला, म्हणून मे 1853 मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात द्यावं लागलं. एकाच वर्षाच्या आत नदीच्या एका काठानं वारस नाही म्हणून मालक बदलला, तर दुसऱ्या काठानं रोजचा खर्च भरला नाही म्हणून. प्लगइन लिहिणाऱ्यांनी वऱ्हाडचा इतिहास वाचला नसणार, पण दोन्ही कलमं बरोबर उतरली आहेत.

खर्चाचं एकवेळ ठीक आहे. जास्त कमवावं, जास्त भरावं. झोपेचं काय करायचं? सर्व्हर युरोपचा. त्यांचे रात्रीचे आठ म्हणजे लढायांची ऐन वेळ, आणि हिवाळ्यात लंडनला आठ वाजतात तेव्हा इथे दीड वाजलेला असतो. साम्राज्यात कोणी ब्राझीलचा, कोणी पोलंडचा, आळीपाळीनं पहारा बसतो, खाणीतल्या तीन पाळ्यांसारखा. एकट्याला पाळीच नाही. शिवाय मे महिन्यात वादळ आलं की आमची लाईट जाते, आणि ते शत्रूला सांगून जात नाही.

तिसरी गोष्ट जमिनीची. डोक्यामागे अमुक चौकोन, असा हिशोब असतो. डोकं एक, म्हणजे देश ओसरीएवढा. मग लोक काय करतात? खोटी डोकी काढतात. एकच पोरगा पाच नावांनी पाच खाती उघडतो आणि स्वतःच स्वतःला मुजरा करतो. सर्व्हर चालवणाऱ्यांचा एकट्या देशांवर राग असतो तो यामुळे, आणि तो खोटा नाही. एकेकट्यांनी अर्धा नकाशा अडवून ठेवला आणि महिनोन् महिने फिरकले नाहीत, तर नव्या पोरांनी बसायचं कुठे?

पण म्हणून "आधी पाच मित्र आणा, मग देश मागा" हे उत्तर मला पटत नाही. 2002 मध्ये मॅक्स बॅरी या लेखकानं नेशनस्टेट्स नावाचा खेळ काढला. त्यात मुळात प्रत्येक देश एकट्याचाच. अठ्ठावीस दिवस फिरकला नाहीत तर देश जातो, पण आधी रजा टाकलीत तर साठ दिवस मिळतात. एवढी साधी सोय. आईचं ऑपरेशन आहे असं सांगायला एक खिडकी हवी, बस. हल्ल्याची वेळ बचाव करणाऱ्यानं निवडावी, आणि जमीन डोक्यांऐवजी हजेरीवर मिळावी. मग खोटी डोकीही जातील आणि अडवून बसणारेही.

हे एवढं का लावून धरतो? मला औंध आठवतं म्हणून. पंतप्रतिनिधींचं संस्थान, सत्तरेक गावं, तीही सलग नाहीत. थोडी साताऱ्याकडे, थोडी आटपाडीकडे, काही पार विजापूरकडे. मोठ्या संस्थानांपुढे कोण विचारतो? पण लक्ष्मणराव किर्लोस्करांना 1910 मध्ये कारखान्यासाठी माळरान मिळालं ते औंधात. 1939 मध्ये राजानं आपणहून सत्ता गावपंचायतींच्या हाती दिली, त्या घटनेला गांधीजींचा हात लागलेला होता. कैद्यांची उघडी वसाहत, स्वतंत्रपूर, तीही तिथलीच. पुढे शांतारामबापूंनी 1957 मध्ये त्यावरून 'दो आँखें बारह हाथ' काढला. असं काही करायला मोठ्या राज्यात आधी दहा जणांची परवानगी लागते. औंधात एका म्हाताऱ्या राजाच्या मनात आलं आणि झालं. 8 मार्च 1948 ला औंध मुंबई प्रांतात विलीन झालं. योग्यच झालं. पण त्याआधी नऊ वर्षं त्याला कोणी पुसलं नाही, हेही योग्यच झालं.

माझी भट्टी म्हणजे काही स्वतंत्रपूर नव्हे, हे मला कळतं. पण त्या सर्व्हरवर चाळीस साम्राज्यांत चाळीस एकसारखे किल्ले आहेत, आणि चुनाभट्टी एकच होती. एक पोलिश पोरगा ती बघायला दोनदा आला होता. हे काय आहे, म्हणून विचारलं त्यानं. माझ्या मोडक्या इंग्रजीत मी त्याला दगड कसा भाजतात, राख कशी काढतात, पाणी टाकल्यावर चुना कसा फुलतो, सगळं सांगितलं. रात्रीचे अडीच वाजले होते. इथे गावात मला हे कोणी विचारत नाही, सगळ्यांनी पाहिलेलं आहे.

असो. भाच्याचा प्रस्ताव आलाय. त्याच्या साम्राज्यात मांडलिक म्हणून राहायचं, जुनी जागा परत मिळेल, खर्च ते भरतील, बदल्यात दर आठवड्याला लोखंड द्यायचं. "मामा, नाव राजूरच राहीन ना, काहून एवढा विचार करता?" म्हणतो. आईनं ऐकलं. डोळ्याला हिरवी पट्टी बांधून पडली होती. म्हणाली, "किती लोखंड मागते तो?"

तेवढं मी अजून विचारलेलं नाही. आज रात्री विचारतो.